रेघ खिडकीची, की कागदाची?



जुन्या पेढीवरच्या लाल वहीत छापील रेघा नसत. लांबट पानाला घड्या घालून सळ पाडत. अर्ध्या सळांत जमा, अर्ध्यांत नावे. शाई नाही, नुसती घडी. पण ती घडी कागदाची होती, वहीबरोबर जायची. स्प्रेडशीटमधल्या फिकट राखाडी रेघा तशा नाहीत, हे कळायला मला आमच्या सोसायटीची एक वार्षिक सभा मोजावी लागली.

मी तेव्हा खजिनदार. एक्सेलमध्ये सभासदांचा हिशेब मांडला. पडद्यावर सगळं चोख : आखीव घरं, वर गोठवलेली शीर्षकांची ओळ. छापून आणलं, तर चार पानांवर एकही रेघ नाही आणि शीर्षकं फक्त पहिल्या पानावर. तिसऱ्या पानावर एका काकांनी 'भरलेली रक्कम' थकबाकी म्हणून वाचली. पुढची वीस मिनिटं विषयपत्रिकेवर नव्हती!

झालं काय होतं? एक्सेलच्या मॅक्रोंच्या भाषेत 'डिस्प्ले ग्रिडलाइन्स' आणि 'फ्रीझ पेन्स' हे दोन्ही गुण 'विंडो'चे मानले आहेत. म्हणजे रेघ कागदावर नाही, खिडकीच्या काचेवर आहे. 'न्यू विंडो' करून तीच फाईल दोन खिडक्यांत उघडा. एकीत रेघा ठेवा, दुसरीत घालवा. हिशेबाला पत्ताही लागत नाही. 'व्ह्यू'मधली 'ग्रिडलाइन्स'ची खूण काच पुसते, एवढंच. कागदावर रेघ हवी तर 'पेज लेआउट'मध्ये 'ग्रिडलाइन्स'खालच्या 'प्रिंट'वर वेगळी खूण करायची, किंवा सरळ बॉर्डर मारायची. बॉर्डर मात्र सेलची स्वतःची असते. शीर्षकांचंही तसंच : दर पानावर हवीत तर 'प्रिंट टायटल्स'मध्ये ती ओळ नेमून द्यावी लागते. गोठवणं प्रिंटरला कळत नाही.

कधी कधी रेघा एखाद्याच पट्ट्यातून गायब होतात. बहुतेक वेळा कुणीतरी तिथे पांढरा रंग भरलेला असतो. 'नो फिल' केलं की परत येतात.

गंमत म्हणजे गोठवणं रेघांपेक्षा जुनं. 1979 साली अॅपल टू संगणकावर व्हिजिकॅल्क आलं, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं. पडद्यावर नुसती अक्षरं, रेघा नाहीतच. पण शीर्षकं जागेवर धरून ठेवणारी 'टायटल्स' आज्ञा होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. रेघेशिवाय आकडा वाचता येतो. तो कशाचा हे कळल्याशिवाय नाही. आजच्या एक्सेलच्या पानात 10,48,576 ओळी आहेत, म्हणजे शीर्षक नजरेआड व्हायला वाव किती!

गोठवताना एक खोड लक्षात ठेवा. ज्या सेलवर उभे असाल, त्याच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे रकाने गोठतात. पान थोडं खाली सरकलेलं असताना गोठवलंत, तर वर निसटलेल्या ओळी पलीकडेच अडकतात. कितीही वर ढकला, दिसत नाहीत. एका सभासदाने मला घाबरून फोन केला होता, "पहिल्या तीन ओळी उडाल्या!" उडालेल्या नव्हत्या. 'अनफ्रीझ' केलं, कंट्रोल-होम दाबलं, तिन्ही होत्या तिथेच बसलेल्या.