केरसुणी उचलण्यापूर्वी

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. घरात जे पाहिले तेवढेच सांगते.

चार वर्षांमागे, होळी नुकतीच झाली होती. आमच्या पडवीत धुण्याच्या तारेला जळमटाचा एक गुंता लोंबताना दिसला. घरी पाहुणे यायचे होते. मी केरसुणीचा एक फटका दिला. गुंता खाली पडला आणि आतली दोन इवलीशी अंडी फुटली. पोटाशी पिवळसर असलेली एक चिमुकली पाखरी दोन दिवस त्या तारेवर येऊन बसे. मला घास गोड लागेना.

शेजारच्या गुरुजींना विचारले तेव्हा कळले, की तो शिंजीर पक्ष्याचा खोपा. कोणी त्याला सूर्यपक्षी म्हणतात. कोळ्याचे जाळे, गवत, सालीचे तुकडे जमवून मादी एकटीच तो विणते. बाजूने दार, दारावर छोटीशी छपरी! दिसायला मात्र केरकचरा.

पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा खोपा दिसला. मी दोरी परसात बांधली. सासूबाई म्हणाल्या, "पाखरासाठी धुणे हलवतेस होय?" पण सुमारे १५ दिवसांनी पिले निघाली, तेव्हा जांभळा-काळा नरही चारा आणू लागला आणि सासूबाईच पडवीत पाट टाकून बसू लागल्या. पिले उडाली त्या दिवशी त्यांनी मला चुलीपासून हाक मारून बोलावले. धाकट्याने आपली गलोल कधी ठेवून दिली, ते आम्हाला कळलेही नाही.

तेव्हापासून डोळे उघडले. आपले शिरपामाळ शिवाजी महाराजांच्या मुक्कामाचे. १६६४ साली सुरतेकडे जाताना जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना येथे शिरपेच चढवला, असे सांगतात. परवा तेथे करवंदीच्या जाळीत तुरेवाला बुलबुल चोचीत काडी घेऊन शिरला. मी मुलांना म्हटले, "पाहा, शिरपेच घालून आले सरदार!"

भगिनींनो, यासाठी पैसा लागत नाही, की फार शिक्षण लागत नाही. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत जळमटे काढण्यापूर्वी घटकाभर वर पाहावे, एवढेच. आत कोणाचा संसार असेल, तर केर चार आठवडे थांबू शकतो.