ठिणगी कुठे अडली?

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असं आपण धरून चालतो. आज मात्र मी होडीच्या मागे लावतात त्या जुन्या आउटबोर्ड मशीनविषयी बोलणार आहे. मी कोकणातल्या खाडीकाठचा. लहानपणापासून मामूंच्या होडीत बसत आलो. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, तरी हाताचा ग्रीसचा वास काही गेला नाही.

पावसाळाभर मशीन पडवीत गोणपाटाखाली पडून असतं. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जाते. दोरी दहादा ओढली, वीसदा ओढली, मशीन गप्प. मग कुणीतरी निकाल देतो, "करंट येत नाही, कॉइल गेली!" नवी कॉइल म्हणजे लहान मच्छीमाराची कित्येक दिवसांची कमाई. आणि दोष भलतीकडेच असला तर पैसेही जातात, होडीही काठालाच राहते. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुरुस्तीवर बाहेर पडणं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी मशीन बंद पडलं, तर पाणी होडी बाहेर समुद्राकडे ओढतं. तिथे वल्ही कुठवर पुरणार?

म्हणून दोष क्रमाने शोधावा. आधी प्लग काढून पाहा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचतंय, संशय ठिणगीवर घ्या. कोरडा असेल तर आधी टाकी, नळी आणि कार्बोरेटर बघा.

आता ठिणगी. टाकीची नळी सोडवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, प्लगच्या भोकावर फडकं दाबा. प्लग वायरीला जोडून त्याचं लोखंडी अंग भोकापासून दूर, मशीनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. उघड्या हातात धरू नका, जबर झटका बसतो. दोरी जोरात ओढा. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली विझू शकते. ठिणगी दिसलीच नाही तर आधी दुसरा, चांगला प्लग लावून बघा. सर्वांत स्वस्त वस्तू आधी तपासायची.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. दोरीने चालू होणाऱ्या या जुन्या मशीनच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलजवळून फिरतात आणि वीज तयार होते. ती थांबवायला बंद करण्याचं बटण कॉइलचा प्रवाह मशीनच्या अंगात उतरवतं, म्हणजे अर्थिंग करतं. घरातला दिवा वायर तुटली की विझतो. इथे वायर धातूला टेकली की ठिणगी विझते. खाऱ्या हवेने बटण आतून गंजलं, किंवा वायरीचं आवरण घासून ती धातूला लागली, तर मशीन चोवीस तास 'बंद'च्या हुकमात राहतं.

मामूंच्या मुलाचं असंच झालं. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी कॉइल आणली, बसवली, ठिणगी नाहीच. आमच्या खाडीवरचे मिस्त्री आले. त्यांनी बटणाकडे जाणारी वायर सोडवली आणि म्हणाले, "आता ओढ बघू." निळी ठिणगी! जुनी कॉइल परत लावली, तीही ठणठणीत. ही वायर फक्त तपासणीपुरती सोडवायची. ती नसताना बटणाने मशीन बंद होत नाही, म्हणून दोष काढून लगेच परत जोडायची.

तरीही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलखाली जा. तो हातोड्याने ठोकून काढू नका, पुलर लावा. आतले पॉइंट पावसाळ्याच्या दमटपणाने गंजतात किंवा त्यांच्यावर तेल चढतं. ते बारीक घासून, कोऱ्या कागदाने पुसून घ्या आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेलं अंतर गेजपट्टीने ठेवा. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. थंड असताना सुरू होणारं मशीन तापल्यावर ठिणगी सोडत असेल आणि निवल्यावर पुन्हा चालत असेल, तर मात्र कॉइलचं नाव घ्यायला हरकत नाही.

दोन सिलिंडरचं मशीन असेल आणि कॉइल स्वतंत्र असतील, तर दोघींची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर दोष दुसरीकडे आहे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी असलेल्या मशीनमध्येही बटणाची वायर आणि जोड आधी तपासा. डबी महाग असते आणि दुकानदार ती सहसा परत घेत नाही. तिची पाळी शेवटी.

मिस्त्रींच्या पिशवीत यातलं जगावेगळं काही नसतं. प्लगचा पाना, गेजपट्टी, कोरा कागद आणि कुठलाही भाग न तपासता 'गेला' न म्हणण्याची सवय. श्रोतेहो, आपल्यापैकी जे पाण्यावर जातात त्यांनी एवढं करावं. कोरड्या डब्यात जादा प्लग आणि पाना होडीत ठेवावा. दुरुस्तीनंतर मशीन चांगलं तापेपर्यंत काठाजवळच चालवून बघावं. आणि मशीन कितीही गोड वाजू लागलं तरी वल्ही घरी ठेवू नयेत.