एकाच घरातले रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या मुलखातले लोक आणि तिकडून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेले त्यांचे भाऊबंद, यांना लॅटिनो म्हणतात. तिथले मूळ रहिवासी, स्पेन-पोर्तुगालहून आलेले गोरे आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक, अशा तिघांचे रक्त त्या समाजात मिसळले. त्यामुळे एकाच आईची दोन लेकरे, एक गोरे तर दुसरे काळेसावळे, हे तिथे नवल नाही. "आम्ही सगळेच मिश्र, आमच्यात कसला आला वर्णभेद?" असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. हा अभिमान खोटा आहे असे मी म्हणणार नाही; पण त्याच्या आडोशाला बरेच काही झाकून राहते.

अठराव्या शतकात मेक्सिकोत 'कास्ता' नावाची चित्रे काढीत. आई एका वर्णाची, बाप दुसऱ्या, सोबत मूल, आणि त्या मुलाच्या वर्गाचे नाव चित्रावरच लिहिलेले! १८२१ साली स्पेनचे राज्य गेले, चित्रे संग्रहालयांत गेली. पण 'मेहोरार ला रासा', म्हणजे 'वंश सुधारणे', हा शब्दप्रयोग घरात उरला. मुलीने उजळ नवरा करावा, म्हणजे नातवंडे उजळ निपजतील, असा त्याचा अर्थ. आणि हे सांगणारी पुष्कळदा घरातलीच आजी किंवा मावशी असते. डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको या बेटांवर दाट कुरळ्या केसांना सरळ 'वाईट केस' म्हणतात. केसांत वाईट ते काय असायचे?

मेक्सिकोची ग्वादालुपेची माता सावळी आहे. भक्त तिला लाडाने 'मोरेनिता', म्हणजे 'सावळी', असेच म्हणतात. देवी सावळी चालते, सून मात्र उजळ हवी! आपण हसता आहात. का, ते मी सांगायला नको.

पडद्यावरही तेच. दूरचित्रवाणीच्या मालिकांत नायिका गोरी, मोलकरीण सावळी, हा तिथला जुना शिरस्ता. यालित्सा आपारिसिओ ही ओआहाका प्रांतातली मूळ रहिवासी समाजाची मुलगी. शिक्षिकेचे शिक्षण नुकतेच संपले होते, अभिनय कधी केला नव्हता. आल्फोन्सो क्वारोन यांनी तिला 'रोमा' (२०१८) या चित्रपटात घेतले, आणि २०१९ साली उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिचे नामांकन झाले. 'व्होग'च्या मेक्सिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती झळकली. त्यावर तिच्याच देशातल्या लोकांनी तिच्या रूपावरून तिला नाही नाही ते ऐकवले. एका मालिकेतल्या नटाला तर पुढे जाहीर क्षमा मागावी लागली. मला आणखी एक गोष्ट खुपते. एवढा मान मिळाला, पण भूमिका कोणती? मोलकरणीचीच.

अमेरिकेतही ही गोष्ट मागे सुटलेली नाही. 'इन द हाइट्स' हा न्यूयॉर्कच्या लॅटिनो वस्तीवरचा चित्रपट २०२१ साली आला. त्या वस्तीत काळ्या वर्णाचे लॅटिनो पुष्कळ. पण प्रमुख भूमिकांत जवळजवळ सगळे उजळ. लोकांनी जाब विचारला, तेव्हा लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी चूक मान्य केली. त्याच वर्षी प्यू संस्थेच्या पाहणीत शंभरातल्या ६२ प्रौढ लॅटिनोंनी सांगितले की, गडद रंग आपल्या लोकांना पुढे जाण्यात आड येतो.

मेक्सिकोत आफ्रिकी वंशाच्या लोकांना कित्येक पिढ्या खानेसुमारीत स्वतंत्र जागाच नव्हती. त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, घरोघर समजावले. २०२० च्या खानेसुमारीत तो प्रश्न आला, आणि सुमारे २५ लाख लोकांनी उत्तर दिले, "होय, आम्ही त्यांतलेच."