धर्मग्रामाचे दफ्तर

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत पूर्वजांची थोरवी गावी असा प्रघात आहे. ती गाणारे वक्ते आपणांस आज पुष्कळ लाभले आहेत. आम्ही आपले लक्ष पूर्वजांनी मागे ठेविलेल्या कागदांकडे वेधू इच्छितो. आमच्या निवासातील लोखंडी कपाटात बाप्तिस्म्याच्या, दृढीकरणाच्या, विवाहांच्या आणि मृत्यूंच्या नोंदवह्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या केवळ दाखला मागावयास आल्या वेळी पाहिल्या असतील, आणि त्याही टेबलाच्या पलीकडून.

या वह्या ठेवणे ही कोणा पुरोहिताची हौस नव्हे. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली असे ठरविले की, धर्मग्रामगुरूने विवाहांची वही ठेवावी व बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घ्यावीत. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याचे ५३५ वे कलमही हेच सांगते, आणि जुन्या वह्या विशेष काळजीने जतन कराव्यात अशी आज्ञा करते. आपल्या देशात जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यापूर्वी गरिबाच्या लेकराच्या जन्माचा लेखी पुरावा म्हणजे कित्येकदा चर्चच्या वहीतील एक ओळ, एवढाच असे.

आता आपल्या गोंदियाकडे पाहा. हे गाव रेल्वेने वाढविले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे येथून गेली. पुढे नैनपूर-जबलपूरकडे जाणारा अरुंद रूळमार्ग येथूनच फुटला, आणि गावाचे जंक्शन झाले. अशा जंक्शनांत चाकरीनिमित्त दूरदूरची माणसे येत : कोणी गोव्याचा, कोणी मद्रास इलाख्यातला, कोणी अँग्लो-इंडियन. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड बिलासपूरला नाही तर खरगपूरला. क्वार्टर दुसऱ्यास मिळे आणि शेजारी विसरून जात. वहीतील ओळ मात्र मागे राही.

ती ओळ शोधणे सोपे नाही. आज एखाद्या नातवाने परदेशी बसून ‘गोंदिया जिल्हा’ या नावाखाली आपल्या आजोबांचा शोध चालविला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही. १ मे १९९९ पूर्वी हा जिल्हाच नव्हता. हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. भंडारा स्वातंत्र्यापूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात, पुढे मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे एकाच ओसरीवर, घर न हलविता, आजोबा, बाप आणि नातू निरनिराळ्या प्रांतांत जन्मास आले! धर्मसभेच्या कारभाराचेही तसेच. सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी फ्रान्सातील आनसीहून निघून १८४६ साली विशाखापट्टणास पोहोचले, आणि या बाजूचे मिशन त्यांच्याकडे आले. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ साली झाला आणि १९५३ साली त्याचा महाधर्मप्रांत झाला; त्यातून १९५५ साली अमरावती आणि १९६४ साली रायपूर वेगळे निघाले. जेथे कारभार गेला तेथे कागदही गेले असावेत हे ओघानेच आले. त्यात नावांच्या लेखनाची तऱ्हा निराळीच. परेरा, पेरेरा, परेयरा ही एकाच घराण्याची तीन रूपे एकाच वहीत आढळणे मुळीच नवलाचे नाही.

ही गुंतागुंत सोडविण्यास साह्य करणारी एक विद्या हल्ली विद्यापीठांत रुजली आहे. तिला डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणतात. संगणकाच्या आधाराने केलेला इतिहासाचा, भाषेचा व ग्रंथांचा अभ्यास, असा तिचा अर्थ घ्यावा. नाव ऐकून आपण बिचकू नये, कारण या विद्येचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते एक येशूसंघीय पुरोहित होते. इटलीचे फादर रॉबर्टो बुसा यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांवर प्रबंध लिहिताना लॅटिनमधील ‘इन’ या इवल्याशा शब्दाच्या सुमारे दहा हजार चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. पुढे त्यांनी संतांच्या साऱ्या लेखनाची शब्दसूची करण्याचे मनात आणिले आणि १९४९ साली अमेरिकेत जाऊन आय.बी.एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याकडे यंत्रांचे साह्य मागितले. ते मिळाले. सुमारे तीस वर्षे काम चालले, आणि एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची १९८० पर्यंत ५६ खंडांत छापून पुरी झाली. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या शब्दांची भोके पाडलेली कार्डे तयार करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्यांची नावे पुष्कळ वर्षे कोणी विचारली नाहीत. अलीकडच्या संशोधकांनी ती शोधून काढली. आमच्या मते, दफ्तर नीट राखण्याचे हेही एक कारण आहे : ज्यांचे नाव कोणी घेत नाही, त्यांचे नाव निदान कोठेतरी असावे.

या विद्येची संमेलने जगात दरसाल भरतात. भारतातील या क्षेत्रातील अभ्यासकांनी २०१८ साली इंदूर येथील व्यवस्थापन संस्थेत आपली पहिली परिषद भरविली. अशा ठिकाणी वाचले जाणारे कित्येक निबंध आपल्या कामाचे नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु तेथे दफ्तर सांभाळणारा, भाषा जाणणारा आणि संगणक जाणणारा असे तिघे एका खोलीत बसतात, हा लाभ मोठा आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात आकारास आलेली ट्रान्सक्रिबस नावाची संगणकीय योजना हस्तलिखित पाने वाचू शकते. मात्र तिला हे साधावे म्हणून आधी माणसांनी काही पाने अक्षरशः वाचून द्यावी लागतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दफ्तरे शोधिली, उतरून घेतली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला. साधन बदलले तरी वाचणारा डोळा लागतोच. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ पासून ‘अभिलेख पटल’ या नावाने आपले कागद घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे, आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय नागपुरास आहे. आपल्या तरुणांनी तेथे जाऊन कागद हाताळण्याची रीत शिकावी, अशी आमची इच्छा आहे.

कोणी म्हणेल, “फादर, एवढे कशाला? मोबाईलने छायाचित्रे काढू आणि मोकळे होऊ.” छायाचित्रे जरूर काढावीत. प्रती झाल्या म्हणूनच कित्येक ग्रंथ वाचले आहेत. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. भाविकांनी हाताने उतरून ठेविलेल्या प्रतींवरूनच १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापता आले. परंतु संगणकातील प्रत म्हणजे अमरपट्टा नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी दरोडा पडला, आणि एवढ्या बलाढ्य संस्थेचे डिजिटल संग्रह अनेक महिने वाचकांना बंद राहिले. म्हणून आमचा आग्रह असा की, मूळ वही कधीही टाकू नये. चित्रांच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक गोंदियाबाहेर असावी. प्रत्येक चित्रासोबत वहीचे नाव, पान, साल, आणि त्या काळचा व आजचा असे दोन्ही जिल्हे लिहावेत. ज्या चित्रावर काही लिहिलेले नाही, ते दहा वर्षांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

आणखी एक मर्यादा. बाप्तिस्म्याच्या वहीत दत्तक मुलाची नोंद असते; ज्याच्या पित्याचे नाव लिहिलेले नाही अशा बालकाचीही असते. ही पाने सर्व जगास खुली करण्याचा अधिकार कोणास नाही, आम्हांसही नाही. हयात माणसाची नोंद त्या माणसाची आहे. यास्तव वह्यांची चित्रे धर्मग्रामाकडे व महाधर्मप्रांताकडेच राहतील. ज्यास हवी त्यास त्याच्या घराण्यापुरती माहिती आम्ही काढून देऊ. बाहेरून आलेल्या कोणा अभ्यासकाला ही शिस्त जाचक वाटेल. वाटो.

वह्यांची व्यवस्था आम्ही पाहू. आपणांकडे आमचे मागणे निराळे आहे. पहिल्या ख्रिस्तसभेची, मिस्सानंतरच्या मिरवणुकीची, लग्नाची, रेल्वे क्वार्टरापुढे उभ्या कुटुंबाची छायाचित्रे आपल्या पेट्यांत आहेत. त्यांतील चेहरे ओळखणारे आजी-आजोबा आज या मांडवात बसले आहेत. पुढच्या ज्युबिलीस ते असतीलच असे नाही. येत्या चार रविवारी मिस्सानंतर शाळेच्या पहिल्या वर्गात टेबले मांडलेली असतील. छायाचित्रे, जुनी पत्रे, प्रार्थनापुस्तके घेऊन यावे. आपल्यासमोर प्रत काढून मूळ वस्तू तेव्हाच हाती दिली जाईल. मागच्या बाजूस शाईने काही लिहू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. शिसपेन्सिली आम्ही ठेविल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी केवळ सांगावे. लिहून घेण्यास दहावी-बारावीची मुले बसतील. आणि ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी तीच मुले आठवड्यात येऊन जातील. त्यासाठी नाव आजच आमच्याकडे द्यावे.