वारणा-मोरणा खोऱ्यातील तालीम आणि गावजीवन

शिराळा तालुक्यातील गावांत क्रीडासंस्थेचे सर्वांत जुने आणि आजही टिकून असलेले रूप म्हणजे तालीम. मारुतीच्या देवळाला लागून एक बैठी, जाड भिंतींची इमारत, आत लाल मातीचा हौद, भिंतीशी ठेवलेली करेल (फिरवायचे जड मुद्गल) आणि गदा, कोनाड्यात हनुमंताची तसबीर, एवढाच तिचा ऐवज असतो. तिला सभासद-शुल्क नसते, असले तर नाममात्र असते. तिचा कारभार पाहणारे वस्ताद, म्हणजे मल्लांना डाव शिकवणारे आणि त्यांच्या वर्तनाची जबाबदारी घेणारे गुरू, बहुधा स्वतः शेतकरी असतात आणि पहाटेचे दोन-तीन तास तालमीला देऊन मग रानात जातात. अशा संस्थेचे मोल तिने जिंकलेल्या किताबांवरून ठरवण्याची सवय वृत्तपत्रांनी लावली आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन वेगळे आहे : तालमीचा खरा हिशोब तिच्यातून किताब न मिळवता बाहेर पडलेल्या शेकडो तरुणांच्या आयुष्यात मांडावा लागतो, कारण गावाने तालमीला जे दिले त्याची परतफेड मुख्यतः याच तरुणांनी केलेली आहे.

या भागाची भूमी लक्षात घेतल्याखेरीज हे नाते उलगडत नाही. पूर्वेकडे ऊस पिकवणारी काळी जमीन, पश्चिमेकडे चांदोलीच्या जंगलापर्यंत चढत जाणारा डोंगरी, पावसाळी पट्टा आणि वारणा व मोरणा या नद्या, अशी तालुक्याची रचना आहे. हा मुलूख मूळच्या सातारा जिल्ह्यातला. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची सीमा बदलली तरी कुस्तीची सोयरीक बदलली नाही, कारण ती नेहमीच एका बाजूला कराडशी आणि दुसऱ्या बाजूला वारणेपलीकडच्या कोल्हापूरशी होती. समर्थ रामदासांशी जोडल्या जाणाऱ्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे आणि बलोपासना हा शब्द इथल्या माणसाला देवळातूनच परिचित होतो. डोंगरी भागातील अपुऱ्या शेतीमुळे अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, आणि गावी राहिलेल्या वाढत्या वयाच्या मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम घराबरोबर तालमीनेही उचलले.

हे काम कसे चालते हे हौदापाशी उभे राहिल्यावर समजते. हौद म्हणजे जमिनीत खणलेला चौकोनी आखाडा. त्यातील तांबडी माती चाळून, खडे वेचून घेतलेली असते आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ मिसळलेले असतात, जेणेकरून ती मऊ राहावी, अंगाला खरचटले तर जखम चिघळू नये आणि मातीला कीड लागू नये. ही माती एकदा घालून भागत नाही. ती रोज खोऱ्याने उकरावी लागते, ओलावा बघून पाणी शिंपडावे लागते, नाहीतर ती दगडासारखी घट्ट होते. पहाटेच्या लढतीपूर्वी हौद उकरण्याची पाळी प्रत्येक मुलावर येते, मग तो सरपंचाचा मुलगा असो वा शेतमजुराचा, आणि उकरण्याचे हे कष्ट व्यायामातच धरले जातात. पहाटे मातीत प्रत्यक्ष लढत, ज्याला तालमीच्या भाषेत जोर करणे म्हणतात, आणि सायंकाळी जोर (इथे अर्थ दंड), बैठका, सपाटे यांची मेहनत, असा दिनक्रम असतो. मोठा मल्ल लहानाशी लढतो तेव्हा त्याने आपली पूर्ण ताकद लावायची नसते, धाकट्याला डाव बसेल इतकी संधी द्यायची असते; बळाचा वापर कुठे आवरायचा याचे इतके थेट शिक्षण दुसऱ्या कोणत्या संस्थेत मिळत असेल असे वाटत नाही.

तालमीला पोसणारी अर्थव्यवस्था मात्र तालमीच्या भिंतीबाहेर असते. मल्लाचा आहार म्हणजे खुराक : दूध, तूप, बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई आणि ऐपतीप्रमाणे मटण-अंडी. सामान्य शेतकरी कुटुंबाला तो परवडत नाही, म्हणून एखाद्या पोराच्या अंगात चमक दिसली की घरची म्हैस त्याच्या नावाने राखली जाते, चुलते-मामा हातभार लावतात आणि गावातील चार जाणती माणसे त्याला कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत नेऊन ठेवतात. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर तो आश्रय संपला आणि खर्चाचा भार प्रामुख्याने गावांवर व पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनावर आला. राजाचा आश्रय गेल्यावरही कुस्ती जगली, हे या भागातील सामान्य माणसाचे कर्तृत्व आहे आणि त्याची नोंद कुस्तीच्या इतिहासात पुरेशी ठळक झालेली नाही.

शिराळा तालुक्यातील पुनवत गावचे गणपतराव आंदळकर हे याच वाटेने कोल्हापुरात गेले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखाली पकड घेण्यास मनाई असलेल्या प्रकारात सुवर्णपदक आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत याच जिल्ह्यातील कवठे पिरानच्या मारुती माने यांनी मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. एका जिल्ह्यातील दोन गावांनी एका आशियाई स्पर्धेत देशाला चार पदके दिली, आणि तीही लाल मातीत वाढलेल्या मल्लांनी गादीवर लढून. त्याहून महत्त्वाचे असे की, १९६४ चे टोकियो ऑलिम्पिक आणि अर्जुन पुरस्कार यांनंतर आंदळकरांनी आपले उर्वरित आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून घालवले आणि दादू चौगुले यांच्यासारखे मल्ल घडवले. गावाने जे दिले ते पुढच्या पिढीला पोहोचवणे ही तालमीची रीत. सप्टेंबर २०१८ मध्ये ते निवर्तले तोवर त्यांनी ती पाळली.

शिराळ्याच्या उत्तरेस असलेल्या कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकिकत या नात्याची दुसरी बाजू दाखवते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांच्याकडे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. परतल्यावर दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून आलेल्या पैशातून ज्यांनी मदत केली होती त्यांचे ऋण फेडले, ही गोष्ट मिरवणुकीपेक्षा मोठी आहे. शासनाने हात आखडता घेतला तेव्हा समाजाने दिलेला पैसा हा उपकार मानायचा नसून उसनवारी मानायची, ही समज त्यांना कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती.

ज्या मैदानातून ते ऋण फिटले, ते मैदान हीच तालीम आणि गाव यांच्या भेटीची जागा होय. सुगी उरकल्यावर, चैत्र-वैशाखात, गावोगावच्या जत्रांत कुस्त्या होतात. त्यासाठी जत्रा कमिटी लोकवर्गणी गोळा करते, तीत मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांचाही वाटा असतो, आणि मोठ्या कुस्त्या आधीच नेमल्या जातात, म्हणजे कोणाची जोड कोणाशी आणि किती इनामावर हे ठरवून हस्तपत्रिकेत छापले जाते. मैदानाची सुरुवात मात्र लहान मुलांपासून होते. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट कसून रांगेत बसतात, पंच दोघांना उभे करून खांद्याला खांदा लावून बघतात, उंची-वजन जुळले की हलगीच्या कडकडाटात जोड सोडली जाते, आणि जिंकणाऱ्याच्या हातात नारळ किंवा थोडी रोख रक्कम पडते. हरलेला पोरगा रडत बाहेर येतो तेव्हा त्याच्या पाठीवर हात फिरवणारे वस्ताद बहुधा समोरच्या गावचे असतात. संध्याकाळ होत जाते तशी इनामाची रक्कम वाढते आणि शेवटची कुस्ती नामांकित मल्लांची होते. जिंकलेला मल्ल मैदानाला फेरी मारतो तेव्हा कडेला बसलेले लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. या एका दुपारीत गावाचा पैसा, गावाची पारख आणि गावाची पाहुणचाराची लाज, तिन्ही पणाला लागतात.

तालीम गावाला परत काय देते, याचे पहिले उत्तर रोजगाराचे आहे. पोलीस आणि सैन्य भरतीत शारीरिक चाचणी निर्णायक असते, आणि जिथे उद्योग थोडे व जमिनीचे तुकडे लहान, तिथे तालमीत कमावलेले शरीर हे पुष्कळ तरुणांचे पहिले भांडवल ठरते. खाशाबा स्वतः १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. दुसरे उत्तर संकटकाळाचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा आणि वारणा या नद्यांना महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या गावांत जनावरे सोडवणे, म्हाताऱ्यांना उचलून सुरक्षित जागी नेणे, चुली बंद पडलेल्या घरांना जेवण पोहोचवणे या कामांना तरुणांची अशी तुकडी लागत होती, जिच्यातील प्रत्येकाला दुसऱ्याची ताकद आणि स्वभाव माहीत आहे. अशी तुकडी आयत्या वेळी तयार होत नाही, ती तालमीत मिळतो तशा रोजच्या सहवासातून आधीच घडलेली असावी लागते. कोल्हापुरात तर पेठापेठांची तालीम मंडळे गणेशोत्सवापासून फुटबॉलपर्यंत सारे चालवतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तेथील फुटबॉल संघांची नावे तालमींचीच आहेत.

असे उदाहरण परदेशातही आहे. आयर्लंडमध्ये १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघटनेने तेथील देशी खेळांचे संघ धर्मग्रामानुसार, म्हणजे एका चर्चच्या परिघातील वस्तीनुसार बांधले. खेळाडू मोबदला घेत नाहीत, व्यवस्था स्वयंसेवक पाहतात, आणि कोविडच्या साथीत याच संघांनी वृद्धांच्या घरी किराणा व औषधे पोहोचवली. आपल्या तालमींत आणि त्या संघांत भावनेचा फरक नाही, फरक व्यवस्थेचा आहे : तेथे प्रत्येक संघाची नोंदणी, वार्षिक सभा आणि जाहीर हिशोब असतो.

येथे तालमीच्या उणिवांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. झटपट शरीर कमावण्याच्या नादात औषधे आणि इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांचा प्रश्न कुस्तीक्षेत्राला भेडसावतो आहे आणि तो वस्तादांच्या धाकाने सुटेल अशी स्थिती राहिलेली नाही. किताब मिळवलेल्यांना शासनाचे मानधन मिळते, पण गुडघा किंवा खांदा निकामी होऊन शिक्षणही अर्धवट राहिलेल्या मल्लामागे कोणी उभे राहत नाही. ज्या गावात तालमीचा हौद सर्व वाड्या-वस्त्यांतील मुलांना सारखाच मोकळा नसेल, तेथे मातीत सारे समान असतात हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या गावाला नाही. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की निम्मे गाव, म्हणजे मुली, आजवर हौदाबाहेर राहिल्या. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली; यानंतर मुलींसाठी तालीम नाही असे सांगणाऱ्या गावाकडे कोणतेही सबळ कारण उरत नाही.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने शिराळा तालुक्यातील ग्रामस्थांना विनंती अशी की, आपल्या गावच्या तालमीची रीतसर नोंदणी आहे की नाही हे पाहावे, नसल्यास ती करून घ्यावी आणि जत्रेच्या वर्गणीचा हिशोब देवळाच्या फळ्यावर लावावा; मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि शिकवणारी स्त्री नेमावी; शासनाच्या व्यायामशाळा विकास अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा; आणि जत्रेत शेवटच्या कुस्तीच्या इनामातला एक वाटा दरवर्षी जायबंदी मल्लाच्या उपचारासाठी बाजूला काढावा. यंदाच्या जत्रा कमिटीच्या पहिल्या बैठकीत हे चार विषय मांडता येतील.