देणं

बाई, पालकहो आणि मुलांनो,

विमानाच्या पंखावर येणारा ताण कसा मोजतात, हे सांगायला तुम्ही मला बोलावलंत. सांगते. पण मागच्या पडद्यावर 'एन्डेव्हर' लिहिलंय, तिथून नजर हलत नाही.

प्रयत्न, हा त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. पण शब्द उसवून पाहा. आत फ्रेंच 'दव्वार' आहे, म्हणजे कर्तव्य. त्याच्या मुळाशी लॅटिन 'देबेरे', म्हणजे देणं लागणं. पासबुकातलं 'डेबिट' त्याच घरचं. फ्रान्समधली मुलं गृहपाठालाही 'दव्वार'च म्हणतात! एन्डेव्हर म्हणजे देणं फेडायला बसणं.

'चॅलेंजर' यान 1986 मध्ये सात अंतराळवीरांसह नष्ट झालं. त्याच्या जागी बांधलेल्या यानाचं नाव अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी सुचवलं: एन्डेव्हर. कॅप्टन कुकच्या जहाजाचं नाव. ते जहाज आधी कोळसा वाहायचं. 1992 मध्ये यान उडालं.

आणि आपल्या शेजारचं एन्डेव्हर? तेजस लढाऊ विमानाचा प्रकल्प 1983 चा. पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 ला, इथल्याच एचएएलच्या धावपट्टीवरून. मी तेव्हा पाचवीत होते. सतरा वर्षं माणसं रोज डबा घेऊन कामावर जात होती. त्यातले कितीतरी आपल्या मारतहळ्ळीत राहायचे. माझे बाबाही. पंखावरचा ताण मी आज मोजते, तो त्यांच्याच वह्यांवरून शिकले. ताणाचं एवढंच.

हा रविवारचा मराठीचा वर्ग तेव्हा बाईंच्या हॉलमध्ये भरायचा. फळा सोफ्याला टेकवलेला, आम्ही सतरंजीवर. माझा 'ळ' सुधारेना, म्हणून बाईंनी एक पान भरून 'मारतहळ्ळी' लिहायला लावलं. गावाच्या नावातच दोन ळ, अजून काय हवं, म्हणाल्या. नव्वद मिनिटांच्या वर्गासाठी त्या शनिवारी रात्री जागून तक्ते रंगवायच्या. फी नव्हती.

मुलांनो, आपल्या आवडीच्या मागे धावा, असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी सांगते, आधी आपण कुणाचं काय देणं लागतो ते शोधा. आवड पुढे येते, कामातूनच येते. दुसऱ्या रांगेत पेंगणाऱ्या बाळा, तुला इथे आणायला आईने आज सकाळची झोप सोडली आहे. तिथून सुरुवात कर.

बाई, तुम्ही 'पांग फेडणे' वाक्यात उपयोग करायला दिलं होतंत. मी जागा कोरी ठेवली होती, तुम्ही लाल शाईने 'पुढच्या रविवारी' लिहिलंत. पुढच्या महिन्यापासून रविवारचा पहिला तास मी घेईन. फळा मी घेऊन येते.