पडद्यावरची मराठी आणि हातात हात



भोकरसारख्या तालुक्याच्या गावी आता सातबारा, पीकविम्याचा अर्ज, शाळेचा दाखला, सगळं संगणकावर मराठीत येतं. ही मराठी पडद्यावर नीट उमटावी म्हणून जगभरची माणसं झटली आहेत. त्यांच्या कामातून एक मोठा धडा मिळतो.

देवनागरी जुळवणं सोपं नाही. ‘कि’ची वेलांटी टाइप होते क नंतर, पण दिसते क च्या आधी. ‘धर्म’मधला र आधी टाइप होतो आणि म च्या डोक्यावर जाऊन बसतो. ही जुळणी फाँट एकटा करत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि सुधारता येतो त्या जगात, असे प्रोग्राम एकाच वेळी कितीतरी होते. ग्नोम या डेस्कटॉपचा पँगो, केडीई या डेस्कटॉपखालचा क्यूट, ओपनऑफिसमधला आयसीयू, प्रत्येकाची चूल वेगळी. त्यामुळे तोच शब्द एका खिडकीत नीट दिसे, दुसरीत मोडलेला. एकानं चूक दुरुस्त केली तरी शेजाऱ्याला तिचा पत्ता नसे. हुशारी आणि कष्ट दोन्ही होते, बोलणं तेवढं नव्हतं.

यातून वाट निघाली ती हार्फबझ या प्रकल्पानं. पँगो आणि क्यूट या दोघांच्या कोडचं मूळ एकच, फ्रीटाइप या फाँट हाताळणाऱ्या प्रकल्पातलं, पण दोघं आपापली प्रत सांभाळत होते. ते काम एकत्र आणलं गेलं आणि पुढं प्रोग्रामर बेहदाद एस्फाहबोद यांनी ते नव्यानं लिहून काढलं. 2012 मध्ये पँगोनं ते स्वीकारलं. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडही तेच वापरू लागले. 2017 मध्ये लिबरऑफिस 5.3 नं सगळ्या संगणकांसाठी तेच घेतलं. आता मराठीची एक चूक तिथं सुधारली की नवी आवृत्ती घेणाऱ्या सर्वांकडं ती सुधारते.

शब्दांच्या बाबतीतही असाच विस्कळीतपणा होता. एकाच आज्ञेला प्रत्येक प्रोग्राममध्ये निराळा मराठी शब्द, मग वापरणाऱ्यानं काय समजायचं? नेहमीच्या शब्दांवर भाषिक गटांनी एकमत करावं यासाठी 2008 मध्ये फ्युएल प्रकल्प सुरू झाला.

तरी काम संपलेलं नाही. ‘शेतकऱ्यांना’ हाच शब्द पाहा. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण प्रोग्रामनं दखल घेतली नसेल तर एक शोधताना दुसरा सापडत नाही. हे एकट्या फाँटवाल्याचं काम नाही. कीबोर्ड, शोधयंत्र आणि शब्दतपासणी करणाऱ्यांनी एकत्र बसूनच ते सुटेल.

म्हणून नांदेड-लातूरच्या तरुण मित्रांना माझं सांगणं आहे. नवं काही सुरू करण्याआधी कुणी ते करत आहे का, हे पाहा. करत असेल तर त्याला सामील व्हा. मराठी अक्षर कुठं मोडलेलं दिसलं तर आपल्यापुरती पळवाट काढून थांबू नका. तो शब्द, पडद्याचं चित्र आणि प्रोग्रामची आवृत्ती मूळ प्रकल्पाला कळवा. त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही. मराठी अक्षर बरोबर कसं दिसतं, हे दूरदेशीच्या जाणकाराला आपणच सांगू शकतो, आणि ते सांगायलाच हवं.